दशमीच्या पहाटेचं जहाज

दोन हजार दहा साली मालवणच्या एका सरकारी कचेरीत मी कॉम्प्युटरवर बसायचे. खिडकीत खरा समुद्र, पडद्यावर दुसरा. त्या निळ्यात जहाजांचे ठिपके इतके सावकाश सरकत की बघता बघता गुंगी यायची. काळं तेल समुद्रात सोडून निघून जाणारं जहाज त्यातून हुडकायचं, एवढंच काम. तारीख, वेळ, जागा भरली की तेव्हा तिथं कोण होतं ते दिसे.

एकदा तक्रार घेऊन माझे बाबाच आले. जाळं तेलाने माखलेलं. घरात मला ‘गो चेडवा’ म्हणणारा माणूस कचेरीत टोपी काढून पुस्तकी बोलू लागला, “मॅडम, दशमीच्या पहाटे, उजाडायच्या आधी, जहाज मी स्वतः पाहिलं.” मला हसू आवरेना. त्यांनी जागा सांगितली, मी कॅलेंडरात दशमीचा चौकोन पाहून तारीख ठोकून दिली.

त्या पहाटे समुद्र रिकामा निघाला. साहेब म्हणाले, “आजोबा, झोपेत पाहिलं असेल.” फाइल बंद.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी होडीचं सुकाणू काकाच्या हाती दिलं. “माका आता बरां दिसणा नाय,” म्हणाले. घरापुढच्या खळ्यात बसून नुसते समुद्राकडे बघत राहायचे. वाईट वाटायचंच, पण खरं सांगते, मला त्यांची थोडी लाजही वाटली होती.

मग आईची एकादशी आली, पाणीही न घेण्याची. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधुक उजेडात, मी तिच्यापुढे चहा धरला.

“सूर्य येवंदे गो. अजून एकादशीच आसा.”

कप हातातच राहिला. आईबाबांचा दिवस सूर्याबरोबर बदलतो, माझ्या कॉम्प्युटरचा मध्यरात्रीच. बाबांची दशमीची पहाट माझ्या कॅलेंडरात पुढच्या चौकोनात होती!

कचेरी उघडताच तारीख एका दिवसाने पुढे केली. निळ्यावर हळूच एक ठिपका उमटला. बाबांनी सांगितलेल्या जागीच, बराच वेळ थांबलेला. साहेबांनी पाहिलं, पण बंद फाइल उघडेनात.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. चूक माझी, जहाज केव्हाच गेलं, आता काही होणार नाही. सांगता सांगता रडू फुटलं.

“म्हणजे जहाज होतां मां थंय?”

“होतां.”

“मग रडतंस कित्याक?” म्हणत ते उठले, आणि उद्या सुकाणू मी धरतलंय, असं सांगायला काकाकडे गेले.