एतेरीनं मध्येच तोंड घातलं

स्पेनमधल्या कादिझच्या बाजारात माझं मासळीचं दुकान आहे आणि माझा आवाज तिसऱ्या गल्लीपर्यंत जातो, हे आधीच सांगून टाकते. एतेरी माझ्या अगदी उलट. पन्नाशीची ही बाई जॉर्जियाहून आली ती माझ्या शेजारच्या एलादिओकाकांना सांभाळायला. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांना एकेक शब्द ओढून काढावा लागे.

दोन वर्षांत एतेरीला आमची स्पॅनिश बऱ्यापैकी यायला लागली. वहीत क्रियापदं लिहून पाठ करायची. समजायचं सगळं, पण चार माणसांत बसली की मुकी. माझं डोकं फिरायचं.

"अगं, बोलत का नाहीस?"

"दुसऱ्याचं संपायची वाट बघते, मिलाग्रोसताई."

"इथं? जन्म जाईल तुझा!"

तिच्या गावाकडे जेवणावळीत एक जण पेला उचलून बोलतो, आणि तो थांबेपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. आमच्याकडे पाच जण एकदम बोलतात आणि पाचही जणांना सगळं ऐकू येतं. गप्प बसणारा आजारी तरी असतो, नाहीतर रुसलेला. मग मी तिला दुकानात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायला बसवलं. एकदा बांगडा शिळा म्हणून ती माझ्याशीच भांडली. बांगडा ताजा होता, तरी मला बरं वाटलं. पण काकांच्या घरी पाहुणे आले की पुन्हा आपलं मौनव्रत.

वसंतात काकांचा मुलगा गोन्सालो सेव्हियाहून आला आणि म्हणाला, "बाई चांगली आहे, पण मुक्या माणसाजवळ बसून बाबा खचतील. वृद्धाश्रमात बोलायला चार माणसं असतात. पुढच्या रविवारी घेऊन जातो."

एतेरी माझ्या दुकानात येऊन रडली. "काका रोज बोलतात माझ्याशी. पण त्या गोंधळात हे सांगू कधी?"

रविवारी मी माकूल तळून काकांकडे घेऊन गेले. टेबलावर नेहमीसारखाच कलकलाट.

"मला... तिथं..." काकांनी सुरुवात केली.

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच!" गोन्सालो म्हणाला.

"तिथं बाग आहे, बाबा!" सूनबाई म्हणाल्या.

"बाग काय चाटायचीय त्यांना?" हे मी.

टेबलावर थाडकन हात आपटला. एतेरीचा.

"गप्प बसा सगळे! मिलाग्रोसताई, तुम्हीसुद्धा! रोज दुपारी काका मला त्यांच्या होडीच्या, बायकोच्या गोष्टी सांगतात. एक गोष्ट संपायला तास लागतो, मी तासभर बसते. गोन्सालो, तुम्ही तर त्यांना दोन शब्दांच्या पुढे जाऊ देत नाही, आणि मुकी मी?"

गोन्सालो काही म्हणायला गेला. "माझं संपलेलं नाही!" म्हणत तिनं आणखी दोन मिनिटं त्याला झाडलं. क्रियापदं चुकली असतील, कोण लक्ष देतंय! मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं मीही काकांची वाक्यं अर्ध्यातच तोडत आले होते.

"आता बोला, काका," एतेरी म्हणाली.

काकांनी श्वास घेतला. "तिथं... माझं बोलणं... संपेपर्यंत... कोण थांबेल?"

गोन्सालोनं उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. काकांचं अजून संपलं नव्हतं.