समितीतले एकटे आबा

शाळेत आले की आबा आधी हेडमास्तरांकडे जात नसत. पायताण बाहेर काढून वर्गात शिरत, पोरांसमोर उकिडवे बसत आणि विचारत, "जेवनात का रे?"

"शाळा समितीच्या सभासदानं इमारत बघावी," हेडमास्तर कुरकुरत.

"इमारत काय पळी जाई?" आबा म्हणत.

साठ सालाच्या आगेमागे मी प्रकाशा गावाजवळच्या त्या शाळेत नवा शिक्षक होतो. आबा गुजर घरातले, केळी-कापसाचे शेतकरी. समितीतले सभासद तुम्हीही पाहिले असतील. झेंडावंदनाला येतात, खुर्चीत बसतात. आबांना शाळेच्या वसतिगृहाची ओढ. तिथं सातपुड्यातली भिल्लांची पोरं राहत.

एका सकाळी आबांनी पेरू वाटले. एका पोरानं डावा हात पुढे केला. उजवा उचलवतच नव्हता; कोपर सुजून काळंनिळं झालेलं. शेजारचा हळूच म्हणाला, "घागर फुटली म्हणून गुरुजींनी मारलं." गुरुजी म्हणजे वसतिगृहाचे गृहपाल.

आबांनी आपल्या बैलगाडीतून त्याला शहाद्याच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं.

समितीची सभा भरली. गृहपाल अध्यक्षांचा मेहुणा. अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "आबा, शाळानं नाव खराब व्हई."

"नाव शाळानं शे, हात त्या पोऱ्याना शे. त्याना बाप डोंगरमा शे. आठे त्याना बाप आपणच!"

मतं घेतली. गृहपालाला काढा म्हणणारे आबा एकटेच ठरले; गृहपाल कायम राहिले.

पुढच्या निवडणुकीत त्यांना समितीतून वगळलं. तरी ते येत राहिले, तेव्हा शिपायाला सांगून फाटकातच अडवलं. आबा बाहेर निंबाखाली बसू लागले. मग पोरांनी तिकडे बघायचं नाही, असा हुकूम निघाला.

तो मुलगा दिवाळीला घरी गेला, तो परतलाच नाही. आबा त्याच्या पाड्यावर जाऊन आले. मी विचारलं तर म्हणाले, "बाप म्हणना, हात बी गया, शाळा बी गयी."

आबा वारले तेव्हा शाळेनं शोकसभा घेतली. अध्यक्षांनी त्यांना 'बालकांचे कैवारी' म्हटलं, रुमालानं डोळेही टिपले. मग गृहपाल पुढे आले. "उभे राहा!"

वसतिगृहाची पोरं ताडकन उठली. एकही हललं नाही, एकही खोकलं नाही.

"काय शिस्त आहे हो!" शेजारचे पाहुणे माझ्या कानाशी म्हणाले.