गाठींची उशी

काल समोरच्या बाईनं पुन्हा माझ्या गादीचं नाव काढलं. तिच्याकडं पाहुणे जेवायला होते, एक पोळी कडक झाली, तर ही म्हणाली, "पोळी हाय का आमच्या शेजारणीची गादी?" सगळ्या हसल्या. मीही हसले. दोन वर्षं झाली, तरी हिचा तो एकच विनोद. मला उत्तर देता येत नाही. म्हणजे उत्तर आहे, पण सांगता येत नाही. म्हणून या वहीत लिहिते आहे.

अकोल्यात दंगल झाली त्या सकाळी आमच्याकडं गादीवाला आला होता. म्हातारा मुसलमान, सत्तरीचा, खांद्यावर माणसाच्या उंचीचं पिंजण, म्हणजे धनुष्यासारखं लाकूड आणि त्याला ताणून बांधलेली दोरी, तात. आता सगळे मशीनवर कापूस पिंजतात, हा अजून तात वाजवत हातानं पिंजायचा. त्यानं आमच्या मोठ्या गादीची खोळ उसवली, अंगणात कापसाचा ढीग घातला, आणि तेवढ्यात चौकाकडून आरडाओरडा ऐकू आला. मग धूर दिसला. मग पोलिसांची गाडी संचारबंदी सांगत फिरली. त्याचं घर नदीपलीकडं. मधल्या रस्त्यावर इकडं दाढी पाहून मारत होते, तिकडं कपाळावरचा टिळा पाहून.

माझे हे ऑटो चालवतात. त्यांनी ऑटो अंगणात घेतला, म्हाताऱ्याला पिंजणासकट मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. असं करू का तसं करू, हे कोणी विचारलं नाही. आपल्या घरी कामाला आलेला माणूस, त्याला त्या रस्त्यावर कसा सोडणार?

संध्याकाळी समोरच्या बाईचा मोठा मुलगा आणखी दोघांना घेऊन फाटकाशी आला. हातात काठ्या होत्या.

"काकू, सकाळचा गादीवाला कुठं हाय?"

गल्लीतल्या पुरुषांशी मी कधी बोलत नाही. मान हलवते आणि आत जाते. त्या दिवशी मात्र बोलले. "गेला."

"काम अर्धं टाकून? मंग ह्या कापसाचं काय?"

"मीच पिंजते," मी म्हणाले.

ते गेले. आत आले तर सासू कपाळाला हात लावून बसलेली. "काहून बोलली वं तू येवढं? गेला म्हटलं का झालं! आता पिंज!"

आणि खरंच पिंजावं लागलं. समोरच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. दोन दिवस मी दाराच्या आतल्या अंगाला बसून बोटांनी कापूस उलगडत होते. नाकात कापूस, वरणात कापूस, केसांत कापूस. आणि मागच्या खोलीच्या फटीतून म्हातारा माझ्यावर नजर ठेवून.

"बाई, तोडून नका राहू. खोला."

"गप बसा, चाचा."

"तशानं गाठी ऱ्हायतात."

"राहू द्या."

"झोपन कोन त्याच्यावर?"

बाहेर माणसं याला शोधत होती, आणि याला काळजी माझ्या गाठींची. त्याला स्वस्थ बसवतच नव्हतं. चहा प्यायचा आणि कप स्वतः नळाखाली धुवायला उठायचा. सासूला विचारायचा, नमाजाला मावळतीची बाजू कोणती. तिनं पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवलं, तर दर वेळी त्या लहानशा खिडकीतून टाकी दिसते का ते पाहायचा. आम्ही म्हणायचो, खिडकीत जाऊ नका. हो म्हणायचा आणि जायचा. दुसऱ्या दुपारी त्याचा हात तातीला लागला की त्यानं मुद्दाम लावला, देव जाणे. टण्ण असा आवाज झाला. सासूनं हातातलं ताट फरशीवर आपटलं आणि मलाच मोठ्यानं ओरडली, "धड धरता येत नाई का वं?" समोरच्या बाईनं ओट्यावरून मान वर केली, पुन्हा खाली घातली. म्हातारा म्हणाला, "तात ढिली पडली."

तिसऱ्या दिवशी सकाळी संचारबंदी दोन तास उठली. ह्यांनी ठरवलं, आजारी सासूला दवाखान्यात नेतो असं सांगायचं, आणि सासूच्या जागी त्याला बसवायचं. तो तिच्याएवढाच काटकुळा. सासूनं आपलं लुगडं काढून दिलं. तो हात लावेना.

"माहं लुगडं चावते का तुमाले?" सासू म्हणाली.

शेवटी नेसला. दाढीवरून दुपट्टा घट्ट बांधला. उन्हाळ्यात आमच्याकडं सगळेच तसा बांधतात. आता निघायचं, तर म्हणतो, पिंजण घेतल्याशिवाय येत नाही.

"जीव वाचवायचा का लाकूड?" हे चिडले.

"ते ठेवून घरी जाऊन काय करू? हात हलवू?"

वेळ चालला होता. मी गादीची खोळ ओढली, पिंजण आत घातलं आणि भोवती सगळा कापूस कोंबला, मी उलगडलेला आणि न उलगडलेला. दवाखान्यात अंथरूण घरूनच न्यावं लागतं, गादीचं कोणाला काही वाटणार नव्हतं. म्हाताऱ्यानं लुगड्यात बसून दाभणानं तोंड शिवलं. इतक्या घाईतही टाके सरळ घातले.

गादी ऑटोच्या टपावर बांधली. तो आत कोपऱ्यात, त्याच्या पुढं मी. तेवढ्यात समोरचा मुलगा आला. मदतीला म्हणून दोरी ओढली आणि गादी दाबून पाहिली. त्याचा हात नेमका लाकडावर पडला.

"काकू, दगड भरले का याच्यात?"

मी म्हाताऱ्याच्या आणखी पुढं सरकले. माझ्या तोंडातून निघालं, "मी पिंजली ना. गाठी राहिल्या."

तो पाहतच राहिला, मग जोरात हसला. "आई, पाय इकडं! काकूची गादी पाय!" त्याची आई ओट्यावर आली आणि तीही हसली. त्या हसण्यात आमचा ऑटो गल्लीबाहेर पडला. नाक्यावर पोलिसानं आत डोकावून पाहिलं, "दवाखाना?" म्हणाला आणि सोडलं. नदीपलीकडं म्हाताऱ्याच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची सून उभी होती. लुगड्यातला सासरा बघून ती आधी ओरडली आणि मग रडली. गादी तिथंच उतरवली.

घरी माझी सासू दिवसभर मागच्या खोलीत लपून बसली होती, कारण ती दवाखान्यात होती. तोंड बंद ठेवून बसणं तिला त्या म्हाताऱ्याहून अवघड गेलं.

पंधरा दिवसांनी ह्यांच्या ओळखीच्या ऑटोवाल्याबरोबर गादी परत आली. हलकी, फुललेली, टाके एका ओळीत. सोबत एक उशी आणि निरोप होता, "बाईच्या हातचा कापूस गादीत चालत नाही. उशीत भरला."

मी त्या उशीवर झोपते. रोज सकाळी मान धरलेली असते आणि रोज मी त्या म्हाताऱ्यावर चिडते. सासू म्हणते, उसव आणि पिंजून घे. पण आमच्या गल्लीत तो आता येत नाही.