आबांची टाळाची पारख

टाळ मिळायचे बाजारात, पण पारखायला लोक आमच्या घरी यायचे. ओतारी बैलगाडीतून काशाचे टाळ आणायचा. वाळूच्या साच्यात ओतलेले, कानशीनं हातानं घासलेले, गरीब भजनी मंडळांना परवडतील असे. एकासारखा दुसरा नसायचा. म्हणून लोक दोन जोड नुसत्या तोंडच्या शब्दावर उचलून आणायचे आणि आबांपुढं ठेवायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते 'घ्या' म्हणाले की गाव घ्यायचं.

त्यांची बसायची जागा ठरलेली होती. ओसरीच्या खांबाला पाठ, तोंड माजघराच्या दाराकडं. टाळ दोरीला लोंबता धरायचे, कडेवर कड हलकेच टेकवायचे आणि मग वाट बघायचे. "निघताना समदेच गोड असत्यात," ते म्हणायचे. "जाताना कसा जातो त्ये बघा." चांगल्या काशाचा नाद लांबत जातो, पाण्यासारखा हलतो, आणि नेमका कुठं संपला ते सांगता येत नाही. पितळ जास्त पडलं असलं तर दणका मोठा, पण लगेच बसतो. कडेला केसाएवढी चीर असली तर नादाच्या शेवटाला खरखर लागते. चकाकीला आणि वजनाला आबा विचारत नसत.

आई माजघराच्या दारात ज्वारी पाखडत बसलेली असायची. टाळ बायकांच्या हातात कुणी देत नसे, तिनंही कधी मागितला नाही. तेव्हा सरकारी शाळा उर्दूच असायची; मी अंबाजोगाईच्या त्या शाळेतून सुट्टीला आलो की ओसरीच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. सुपाची सळसळ चालू असायची, टाळ वाजायचा, कधी मधेच सूप थांबायचं. थोड्या वेळानं आबा हातातला टाळ खाली ठेवायचे. "ह्यो नगं." आबांना नीट ऐकू यावं म्हणून आई हात थांबवते, असं मला वाटायचं.

आई तापानं गेली. तेरावं झालं तरी आबा कुणाशी बोलत नव्हते. मी शाळेत परतलो नव्हतो. समोर पुस्तक धरून बसायचो, पान उलटत नव्हतो.

अशात दिंद्रुडहून दोघं आले. एक तिथल्या भजनी मंडळाचे म्हातारे बुवा, दुसरा मेंढरं राखणारा तरणा गडी, त्या मंडळाचा टाळकरी.

"आबा, दुःखाच्या घरात आलो, माफी असावी," बुवा म्हणाले. "पर सप्ता तोंडावर आला. ओतारी उद्या गाडी जुपणार. एकडाव टाळ घेतला की पोरासोरांच्या काळापातूर तोच वाजवायचा. तुमच्याबिगर कुणाच्या शब्दावर घ्यावा?"

आबांनी पागोटं सारखं केलं. आई गेल्यापासून त्यांच्याकडं कुणी काही मागायला आलं नव्हतं. लोकांचा हा विश्वास एवढंच आता त्यांच्याजवळ उरलं होतं, आणि तो घेऊन कुणीतरी आलं म्हणून मला बरं वाटलं.

दोन जोड होते. एक घासून सोन्यासारखा केलेला. दुसरा काळपट, अंगावर वाळूचे खड्डे, ओतारी पडेल त्या भावात द्यायला तयार होता. आबांनी आधी काळा वाजवला. नाद ओसरीभर पसरला, हलत हलत लांब गेला. मी पुस्तकातून मान वर केली. आबा माजघराच्या दाराकडं बघत होते.

मग त्यांनी चकाकता वाजवला. सुरुवात गोड झाली, आणि शेवटाला स्पष्ट खरखर आली. आता आबा टाळ खाली ठेवणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते दाराकडं बघत होते. बराच वेळ बघत होते.

"ह्यो घ्या," ते म्हणाले. "लई गोड हाय."

मी चुकीचं ऐकलं असं मला वाटलं. टाळकऱ्याला वाटलं, आबा गंमत करतायत. तो हसलाच. "आबा, आमची परीक्षा घेताव व्हय? माझ्या बोकडाच्या गळ्यातली फुटकी घंटी बी ह्याच्यापरीस बरी वरडती!"

"गप बे!" बुवा ओरडले. "कुणाम्होरं बोलतोस?"

पण मग त्यांनी स्वतः तो टाळ वाजवून बघितला आणि मान खाली घातली.

आबांनी टाळ परत घेतला. वाजवला. कानाशी नेऊन पुन्हा वाजवला. मग माझ्याकडं वळले. "ह्याच्यात काय वाईट हाय रं?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी पुस्तक मिटलं. "खरखर हाय आबा. शेवटाला."

त्यांनी पुन्हा दाराकडं बघितलं. मीही बघितलं. दार रिकामं होतं. आतल्या भिंतीला खुंटीवर सूप टांगलेलं होतं.

इतकी वर्षं मी त्या ओसरीत बसून दोन्ही आवाज ऐकले होते. टाळ वाईट निघाला की सूप थांबायचं. आधी सूप थांबायचं, मग आबा बोलायचे.

"मग काळा घ्यावा का, आबा?" बुवांनी हळूच विचारलं.

"मला नगा इचारू," आबा म्हणाले. "इचारायचं माणूस गेलं."

बुवांना वाटलं, दुःखात बोलतायत. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. काळा जोड त्यांनी आपणच ठरवून बांधून घेतला. टाळकरी पाया पडला. "माझ्या बोलन्यावर जाऊ नगा, आबा."

ते गेल्यावर मी विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"न्हाई रं." ते खांबाला टेकून बसले होते. "सूप थांबलं की मनाला लागायचं, ह्यात कायतरी खोट हाय. मला वाटायचं, माझाच कान हाय."

आईला तरी ठाऊक होतं का? ती जाणून हात थांबवायची, की वाईट नाद आला की तिचा हात आपसूक थांबायचा? शेवटचा बारीक नाद ऐकणारा आबांचा कान कधी गेला? मी नव्हतो तेव्हा, की माझ्यासमोरच? यातलं काही मला आजही ठाऊक नाही. तिच्या पारखीचे टाळ आसपासच्या कितीतरी देवळांत वाजत होते आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं. मीही नाही.

उन्हं कलल्यावर आबांनी आमचा जुना टाळ भिंतीतल्या देवळीतून काढून माझ्या हातात दिला. "वाजीव." मी कडेवर कड टेकवली. ते टाळाकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"संपला का?"

"न्हाई, अजून हाय."

ते थांबले. ओसरीत त्यांच्यापुरतं सगळं शांत असणार.

"आता?"

"अजून हाय, आबा."