फ्लॉपीवरचं कुंकू

लातूरच्या एका कॉलेजात मी ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास शिकवतो. डॉसचा धडा आला की माझं डोकं फिरतं. पुस्तकात कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं. खरं तर ती सिस्टीम भलत्याच एका माणसाने घाईघाईत, आधीच्या एका सिस्टीमच्या वळणावर लिहिली. मोठ्या कंपनीने ती विकत घेतली, वर आपलं नाव चिकटवलं आणि गब्बर झाली. राबला एक, मिरवला दुसराच. मुलं म्हणतात, सर, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

मी डॉस शिकलो नांदेडला, एका खाजगी क्लासात. चार संगणक होते, हार्ड डिस्क एकालाही नव्हती. सगळी सिस्टीम एका फ्लॉपीत. काळ्या पाकिटात एक पातळ चकती आणि पाकिटाला लांबट खिडकी. तिथूनच मशीन ती वाचायचं. फ्लॉपी नसली तर संगणक म्हणजे नुसतं डबडं. आमच्या सरांनी ती हैदराबादहून कुणाच्या तरी फ्लॉपीवरून उतरवून आणली होती. आम्हाला मात्र तिची प्रत काढू देत नसत. "चोरी करता काय रे?" म्हणायचे.

खंडेनवमीला सरांनी संगणकांची पूजा मांडली. हार, नारळ, हळदकुंकू. आम्ही बौद्ध, आमच्या घरी असली पूजा होत नाही. मी मागे हात बांधून उभा राहिलो, आणि ते सरांच्या डोळ्यांवर आलं. भक्तीच्या भरात त्यांनी कुंकवाचं ओलं बोट फ्लॉपीलाही टेकवलं, नेमकं खिडकीवर. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो, याचा मला अजून राग येतो.

दसऱ्याची सुटी संपल्यावर वडील मला आमच्या गावाहून, मुखेडहून, क्लासला सोडायला आले. आठवड्यावर परीक्षा होती. ते सर्टिफिकेट मिळालं तर कचेरीत कारकून होता येणार होतं, आणि वडील अशाच एका कचेरीत शिपाई होते. ते जिन्यात थांबले. सरांनी मला फ्लॉपी दिली, मी ती घातली. मशीन खरखरलं आणि पडद्यावर ओळ आली, की ही सिस्टीमची डिस्क नाही. बाहेर काढून बघतो तर खिडकी लाल.

"सर, कुंकू लागलंय. तुम्ही पूजेला..."

फाडकन कानाखाली बसली. मी टेबलावर आपटलो.

"पूजेला हात बांधून हुभा ऱ्हातो, अन् आता माझ्यावरच ढकलून राहिला? लई माजलाव तुम्ही लोकं!" सरांनी प्रिंटरची वायर उपसली. पाठीवर, मांड्यांवर, मग तोंडावर. ओठ फुटला, शर्टावर रक्त ओघळलं. वीस पोरं बघत होती, एकही हललं नाही. दमल्यावर सर म्हणाले, "परीक्षेच्या यादीतून याचं नाव काढतो."

आवाजाने वडील धावत वर आले. माझं तोंड बघितलं आणि सरांपुढे हात जोडले. "लेकरू हाय, सर. नाव काढू नका."

"त्यानंच फ्लॉपी नासवली, हे त्याच्या तोंडानं कबूल करू द्या. मग बघू."

"म्या न्हाई केलं, बाबा."

वडिलांनी आयुष्यात कधी माझ्यावर हात उगारला नव्हता. त्यांनी सरांच्या हातातली वायर घेतली आणि मला मारलं. सरांपेक्षा जोरात. "कबूल कर!" म्हणत होते आणि रडत होते. तिसरा फटका टेबलाच्या कडेवर बसला, वायर माझ्या अंगाला लागलीच नाही.

"मीच लावलं कुंकू, सर," मी म्हणालो. "मीच पूजा केली."

सरांनी यादीत माझं नाव राहू दिलं. वडिलांनी ती वायर नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिली.