लक्ष्मणरावांच्या मागची कमान

अड्याळच्या जागेश्वर फोटोवाल्याला राग तसा रोजचाच. गिऱ्हाइकाने डोळे मिटले की राग, हसायला सांगूनही हसला नाही की राग. पण हैदराबादेत ऐन सूर्योदयाला त्याला जो राग आला, तो भडकला की भडकलाच.

त्याचं सारं पोट मंडईवर. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लेकी-जावई येतात, रात्री नाटक, दिवसा जिलेबी, पाळणे आणि फोटो. जागेश्वर राहुटी ठोकून आत पडदा टांगायचा. पडद्यावर ताजमहाल. तो ताराचंद पेंटरने मनानेच काढलेला, म्हणून मिनार सहा आणि दरवाजा सोसायटीच्या गोदामाचा, लोखंडी, कुलूप लावलेला! पोरं राहुटीत डोकावून म्हणायची, "जागेश्वरभाऊ, ताजमहाल उघडा ना, धान मोजाचं हाये!"

मागच्या मंडईत तर कहरच झाला. गोंदियाचा एक फोटोवाला बर्फाच्या डोंगराचा चकचकीत पडदा घेऊन आला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन वर्षं झाली होती, पण मंडई कोणी वेगळी केली नव्हती. दिवसभर जागेश्वरच्या राहुटीत माश्या. अजून एक मंडई अशी गेली की राहुटी विकून लोकांच्या बांधीत चिखलात धानाची रोपं लावायला, रोवण्याला, जाणं आलं.

त्या वर्षी रोवणा आटोपल्यावर धानवाल्या शेतकऱ्यांची सहल बसने हैदराबादला निघाली, तिकडचे नवे वाण पाहायला. म्होरके आसगावचे लक्ष्मणराव. तीस एकरांचे मालक, आधी पोट यायचं, मग माणूस. फोटो काढायला म्हणून जागेश्वरला फुकटात नेलं. त्याच्या मनात मात्र एकच होतं. चारमिनारचा सकाळच्या उन्हातला फोटो, पुढे चिटपाखरू नाही, कमान न् कमान स्वच्छ. तो ताराचंदच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, हे असं काढ.

पण माणूस नसलेला फोटो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. रोल छत्तीसचा. धाब्यावर फोटो, पंक्चर झालेल्या चाकापाशी फोटो, धानाच्या एका लोंबीभोवती चाळीस जणांचा फोटो. पस्तीस असेच उडाले. छत्तिसावा जागेश्वरने जिवापाड राखला. नवा रोल घ्यावा तर दुकानं उघडणार दहाला, आणि बस सुटणार सातला.

साडेपाचलाच तो पूर्वेच्या रस्त्यावर, उगवतीकडे पाठ करून उभा राहिला. आधी मिनारांच्या टोकांना ऊन लागलं. मग ते पिवळं ऊन सज्जासज्जाने खाली उतरू लागलं. कमानीपर्यंत पोचलं की दाबायचं. इकडे ऊन उतरत होतं आणि तिकडे रस्ता भरत होता. सायकली, दुधाचे कॅन, कबुतरं. एक झाडूवाला समोर आला, कॅमेरा पाहिला आणि आपणहून बाजूला झाला. "खींच लो साब, हम ठहरते."

परक्या मुलखातला माणूस थांबला. आणि आपला?

आपला चहा पिऊन आला.

"काय काढून राहिला गा?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"चारमिनार. जरा सरका जी."

"अन् माणूस?"

"माणूस नाही पाहिजे."

"अबे, माणूस नाही तं फोटो कायचा? गावातले म्हनतीन, हे गेलेच नाही!"

ऊन कमानीला टेकलं. जागेश्वरने श्वास धरला, बोट दाबलं. त्याच क्षणाला लक्ष्मणराव कमरेवर दोन्ही हात ठेवून बरोब्बर मधोमध उभे. रोल कर्रकर्र करत गुंडाळला गेला.

"निघा!" जागेश्वर असा ओरडला की सगळी कबुतरं उडाली. "निघा तिथून! तुमचं पोट घेऊन निघा! एक फोटो होता माह्यापाशी, एक!"

लक्ष्मणरावांना चारचौघांत असं आजवर कोणी बोललं नव्हतं. ते गोंधळून म्हणाले, "अबे, मी तं तुह्यासाठीच उभा झालो!" त्यांच्या पत्नी कौशल्याबाई कडेला थांबलेल्या बसच्या खिडकीतून शेजारणीला म्हणाल्या, "बरं झालं वो बाई, कोनीतरी सांगतलं."

परतीच्या वाटेवर जागेश्वर मागच्या बाकावर आदळत, धुमसत बसला. कोणाला बिस्किटसुद्धा विचारू दिलं नाही. गावी आल्यावर फोटो धुऊन थेट ताराचंदकडे गेला.

"माणूस सोड, बाकी सारं काढ."

ताराचंदने फोटो डोळ्यांजवळ धरला. "अन् याच्या मागं काय हाये?"

"कमान."

"कमानीत काय? जाळी, दरवाजा, पायऱ्या?"

जागेश्वरने डोळे मिटले. आठवलं ते फक्त पोट.

"तूच पाहून आला ना बे?"

"पाहू देल्लं का त्यानं!"

"मंग मनानं काढू?"

"खबरदार! गोदाम काढशील!"

ताराचंदही तापला. "तं राहू दे कोरं!"

आणि खरंच राहिलं. मंडईच्या आदल्या दिवशी पडदा आला. मिनार मोजून चार, उन्हाने सोन्यासारखे, सज्जे, कबुतरं, सगळं जिथल्या तिथे. आणि मधोमध कोपरं बाहेर काढलेले अख्खे लक्ष्मणराव, कोरे, पांढरेफटक. जागेश्वरने कपाळ बडवलं, ताराचंदच्या सात पिढ्या काढल्या आणि तोच पडदा टांगला. दुसरा होता कुठे? ताजमहाल तर पांढरा रंग फासून याच्याच खाली गेलेला.

पहिलं गिऱ्हाईक अंकुश, नुकतं लग्न झालेला, काडीसारखा. तो मधे उभा राहिला तर दोन्हीकडून पांढरं डोकावलं.

"एकट्यानं नाही जमत! बायकोले बोलाव!" जागेश्वर खेकसला.

करुणा आली. समोर सासू बसलेली, म्हणून दोन हात अंतर ठेवून उभी राहिली.

"चिपका! अजून! पांढरं दिसून राहिलं!"

"काय बोलून राहिला गा?" सासू उठली. "लाज हाये का?"

"लाज लक्ष्मणरावाले विचारा! ए पोरा, हात ठेव तिच्या खांद्यावर! ठेव म्हनतो ना!"

अंकुशने आईकडे न बघता हात ठेवला. करुणाने मान खाली घातली, पण सरकली नाही. पांढरं पार झाकलं गेलं. जागेश्वरने बटण दाबलं.

बातमी मंडईत पसरायला जिलेबीचा एक घाणा पुरला. दुपारपर्यंत राहुटीबाहेर रांग, सगळी नवी जोडपी. आतून जागेश्वरचा आवाज पाळण्यांपर्यंत येत होता. तो प्रत्येकावर मनापासून चिडत होता.