सगळ्यांनी टाळलेला पाठ

रत्नागिरीत बी.एड. करून मी काय मिळवलं म्हणाल, तर एक पदवी आणि पोतंभर किस्से. पदवी लॅमिनेट करून कपाटात ठेवलीय. किस्से मात्र आम्ही मैत्रिणी भेटलो की चहा यायच्या आधीच सुरू होतात. त्यातले थोडे सांगते, बसा.

*

पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, "शिक्षक म्हणजे कोण?"

कुणी म्हणालं दीपस्तंभ, कुणी माळी, कुणी शिल्पकार. मी स्वतः "मेणबत्ती" म्हणाले, खोटं कशाला बोलू! मग राजापूरचा संदेश उठला. वय चौतीस, खासगी क्लासमध्ये शिकवून घसा बसलेला.

"सर, शिक्षक म्हणजे पर्मनंट!"

सर इतके हसले की हजेरी घ्यायचीच राहिली.

*

सराव पाठ म्हणजे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांना शिकवायचं. त्याआधी टाचण लिहायचं. आपण काय विचारणार ते, आणि मुलं काय उत्तर देणार तेसुद्धा आपणच!

संदेशनं सातवीला विचारलं, "झाडाला जगायला काय लागतं?"

"माती."

"चूक!"

"ऊन."

"चूक!"

मागून सर ओरडले, "अरे, बरोबर सांगतायत ती!"

"हो सर, पण मी टाचणात पाणी लिहिलंय!"

*

दहावीच्या विज्ञानाचे पाठ चिठ्ठ्या टाकून वाटले. प्रजननाची चिठ्ठी नेमकी मला आली. ती खपवायला मी वर्गभर फिरले. बदल्यात दोन तक्ते रंगवून देते म्हटलं, तरी कुणी हात लावीना.

शेवटी शर्वरीताई म्हणाल्या, "आण इकडे."

ताई आमच्यात सगळ्यांत मोठ्या, एकोणचाळीस वर्षांच्या. लग्नाला पंधरा वर्षं झालेली, मूल नाही. नवरा-बायको दर महिन्याला एसटीनं कोल्हापूरला डॉक्टरांकडे जायची. आता फार वेळ उरला नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि पाठात नेमकं तेच शिकवायचं होतं. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी चिठ्ठी दिली. लाज वाटली, पण दिली.

"ताई, नक्की ना?"

"अगो, या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचा झालाय!"

*

रिहर्सलला ताई टेबलाशी आणि आम्ही विद्यार्थी. वय वाढलं की बाईच्या अंडपेशी कमी होतात, त्यांचा दर्जाही घसरतो, असं ताईंनी समजावलं.

संदेश पाय पसरून म्हणाला, "चला, पुरुषांना टेन्शन नाही!"

"आहे तर! शुक्रपेशीही वयानं थकतात. फक्त तपासायला आधी बाईलाच नेतात."

संदेश सावरून बसला. पर्मनंट झाल्याशिवाय लग्न नाही, असा त्याचा पण होता. पाच मिनिटांत गडी व्हरांड्यात, फोन कानाला.

"आई, ती केळशीची मुलगी... नकार कळवला नाहीस ना अजून?"

*

आणि मग प्रत्यक्ष पाठ. शेवटच्या बाकावर सर, शेजारी निरीक्षणवह्या घेऊन आम्ही. घाम मला फुटलेला. ताई मात्र खणखणीत आवाजात शिकवत होत्या.

"मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडपेशी तिच्यासोबत असतात. तिच्याबरोबर त्यांचंही वय वाढतं."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "म्हणजे बाई, माझ्या पंधरा वर्षांच्या?"

"हो गो."

"आणि तुमच्या?"

वर्गात खसखस पिकली. सर उठायला लागले. ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"एकोणचाळीस."

"तुम्हाला मुलं किती, बाई?" ताईंनी एकही नाही म्हणून मान हलवली. "मग लवकर का नाही घेतलंत?"

मेले मी! आता ताई खडू टाकून बाहेर जाणार आणि हे सगळं माझ्यामुळे, एवढंच डोक्यात.

"लवकरच हवं होतं गो," ताई म्हणाल्या. "झालं नाही. आता जास्तच कठीण आहे. पण अशक्य नाही, म्हणून अजून डॉक्टरांकडे जातो."

कुणी हसलं नाही. खिडकीपाशी एक उंच मुलगी होती, ती हात वर न करताच उठली आणि बाकांच्या मधून पुढे आली.

"बाई, मी आईला बेचाळिसाव्या वर्षी झाले." तिनं ओढणी सारखी केली आणि ताईंसमोर ताठ उभी राहिली. "बघा."